बांधाला लागलेले हात

मी पाडा सोडला त्या दिवशी मला पोहोचवायला कुणी आलं नाही. आवणीचे दिवस होते. भाताची रोपं उपटून ठेवलेली होती, आणि उपटलेली रोपं दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाहीत. त्यामुळे सगळा पाडा चिखलात वाकलेला होता. नाशिकला जाणारी जीप फाट्यावर सकाळीच येते. मी बॅग पाठीला लावून शेतांच्या कडेने निघालो. लोक न उठताच मान वळवून बघायचे, एखादं वाक्य बोलायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. आमच्या शेतापाशी मात्र आई सरळ उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत मातीचे होते म्हणून तिने मला जवळ घेतलं नाही. मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले आणि दाखल्यांची पिशवी घेतली का विचारलं. मी घेतली होती. मग ती म्हणाली, "तिथं पानी कोन सोडतं ते पयलं इचारून घे. त्याच्याशी नीट राहा."

मला ते वाक्य तेव्हा विशेष वाटलं नाही. वडील मी सातवीत असताना गेले. घरात शिकलेलं कुणी नाही. कॉलेज म्हणजे काय हे आईला माहीत नव्हतं आणि मलाही. पाणी म्हणजे काय हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून ती त्याबद्दल बोलली असावी.

हे मी दोन प्रकारच्या माणसांसाठी लिहितो आहे. जे पाड्यावर राहिले त्यांना यातलं बरंच माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते वाचून हसतील, हसू देत. आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, कुणी वापीला कंपनीत, कुणी देवळाली कॅम्पात दुकानावर, कुणी नाशिकला हॉस्टेलवर, त्यांच्यासाठी. मागच्या कार्तिकात आपल्याकडे काय झालं ते तुम्ही फोनवर तुकड्यातुकड्याने ऐकलं असेल. मी तिथे होतो, आणि थोडा दोन्ही बाजूंना होतो, म्हणून सलग सांगून बघतो.

जे आपल्याकडचे नाहीत त्यांना आधी नदी सांगावी लागेल. सुरगाण्याच्या डोंगरात आमचा पाडा आहे. पाऊस भरपूर पडतो आणि सगळा पश्चिमेला वाहून गुजरातेत जातो. नकाशात नदीला नाव आहे. आम्ही तिला नुसतं नदी म्हणतो. भात निघाल्यावर नदीत पाणी असतं, पण ते खाली असतं आणि शेतं वर. म्हणून दरवर्षी आम्ही बांध घालतो. नदीत आडवे ओंडके टाकायचे, त्यांच्या मागे दगड रचायचे, फटींत ऐनाच्या फांद्या आणि पाला कोंबायचा, वर गवत आणि चिकण माती. पाण्याची पातळी चढते आणि कडेने काढलेल्या पाटातून पाणी सपाटीवरच्या शेतांना जातं. त्यावर हरभरा होतो, वाल होतो, घरापुरता कांदा होतो. पावसाळ्यात बांध वाहून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा घालायचा.

बांध घालायला प्रत्येक घरातून एक माणूस यावा लागतो. बाई असो, पुरुष असो, कुणीही. त्याला आम्ही घराचा हात म्हणतो. ज्या घराचा हात बांधाला लागला त्या घराला पाटाच्या पाण्याची पाळी. लागला नाही तर पाळी नाही. जमीन किती, घर मोठं की लहान, हे त्यात येत नाही. नंतर निम्मा पाडा द्राक्षाच्या बागांत कामाला जातो, दिंडोरीकडे, निफाडकडे. जाण्याआधी बांध घालून होतो आणि जाणारा आपली पाळी कुणी भरायची ते सगळ्यांसमोर सांगून जातो. पाळ्या कुणी चुकवू नयेत म्हणून एक पाटकरी असतो. गेली बरीच वर्षं तो मान येवाजीकाकांकडे आहे. ते कुणाचे नातेवाईक म्हणून काका नाहीत, सगळ्यांचेच काका आहेत. पाटाचं तोंड ते उघडतात आणि तेच बंद करतात. बाकी कुणी त्याला हात लावत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. आमचा बांध गळतो. दगड, पाला, माती यांचा बांध गळणारच. ते गळालेलं पाणी पुढे खालच्या पाड्याला जातं. त्यांची जमीन चढावर आहे, पाट काढता येत नाही, म्हणून ते नदीच्या वाळूत झिरे खणून त्यातून प्यायचं पाणी भरतात. आमच्या गळतीवर त्यांचे झिरे चालतात. हे कधी कुणी ठरवलं असं मला वाटत नाही. ते तसंच होतं, आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी आदिवासी गावांना स्वतःचा कारभार देणाऱ्या पेसा कायद्याखाली आमच्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळाली. फाट्यावर बोर्ड लागला. त्याआधीही लोक शाळेच्या ओट्यावर बसून पाण्याचं ठरवत होते, बोर्ड लागल्यावरही तिथेच बसतात. फरक इतकाच की आता एक सतरंजी असते आणि एक प्लास्टिकची खुर्ची असते. खुर्चीवर कुणी बसत नाही.

नाशिकच्या हॉस्टेलमध्ये पहिल्या आठवड्यात मी खरंच विचारलं की इथे पाणी कोण सोडतं. खोलीतला हेमंत नामपूरचा. त्याच्या घरी कांदा आहे, बोलणं अहिराणी आणि मराठी मिसळून. तो म्हणाला, "महापालिका. का रे, भेटायला जातोस?" पुढे बरेच दिवस नळ गेला की मला सांगायचे, जा, तुझ्या माणसाला बोलव. मी पण हसायचो. पण सकाळी नळ सुरू असताना बादली भरून वाहत असली तरी कुणी उठत नसे, आणि पाणी गेल्यावर सगळे शिव्या द्यायचे. शिव्या कुणाला, ते कळत नसे. मी एकदा मजल्यावर पाळी लावून बघितली. आठवडाभर चालली. मग परीक्षा आल्या आणि मोडली. कुणी भांडलं नाही, कुणी मोडली असंही नाही. तिथे पाणी कुणाच्या हातून येत नव्हतं, त्यामुळे ते कुणाचंच राहत नव्हतं. हे मला तेव्हा असं मांडता आलं नसतं. आताही बरोबर मांडलं की नाही, खात्री नाही.

दुसऱ्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सर आदिवासी भागातल्या स्वशासनाबद्दल शिकवत होते. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं की तुमच्याकडे ग्रामसभा कशी चालते. मी म्हणालो, "बसतात, सर." वर्ग हसला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून पुन्हा विचारलं. समोर कुणी नव्हतं म्हणून मला सांगता आलं. बांधाबद्दल सांगितलं. त्यांनी बराच वेळ ऐकलं, आणि काही दिवसांनी म्हणाले की या वर्षीचं श्रमदान शिबिर आपण तुझ्या पाड्यावर घेऊ, मुलं बांध घालतील. मला आनंद झाला. कॉलेजमध्ये माझ्या पाड्याचं नाव फळ्यावर लिहिलं गेलं होतं.

सरांनी सगळं रीतसर केलं. पाड्यावर येऊन विचारलं. लोकांनी या म्हणून सांगितलं. पाहुण्याला नको कोण म्हणणार? तारीख मात्र कॉलेजच्या वेळापत्रकाने ठरली, दिवाळीच्या सुट्टीतली. तेव्हा आमच्याकडे उशिराचं भात अजून शेतात उभं होतं.

शिबिराची मुलं आली, सोबत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आल्या. गोण्यांत वाळू भरायची, तोंड शिवायचं, विटांसारख्या रचायच्या. मुलांनी मन लावून काम केलं. हेमंतच्या तळहाताला फोड आले, तरी तो सोडत नव्हता. आपल्या लोकांनी कापणी सांभाळून भाकरी दिल्या, भाजी दिली, शाळेत झोपायला पेंढा टाकून दिला. आई एकदा नदीवर येऊन काठावर उभी राहिली. तिने विचारलं, घरी का झोपत नाहीस. मी सांगितलं की शिबिराचा नियम आहे, सगळ्यांनी एकत्र राहायचं. ती बरं म्हणाली आणि गेली. माझ्या अंगात सगळ्या मुलांसारखाच शिबिराचा पिवळा टी-शर्ट होता. लांबून तिने मला ओळखलं कसं, याचं मला नंतर नवल वाटलं.

बांध फार चांगला झाला. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण काहींना वाटतं की शहरवाल्यांना जमलं नाही म्हणून पुढचं घडलं. तसं नाही. आमच्या बांधापेक्षा तो सरळ होता, उंच होता, आणि त्यातून थेंब गळत नव्हता. येवाजीकाका त्याच्यावरून या काठाहून त्या काठाला चालत गेले आणि म्हणाले, "लय भारी झालं." सगळ्यांना तसंच वाटलं. पाड्याच्या बांधाचा दिवस त्या वर्षी आलाच नाही, कारण बांध घालून झालेला होता. आम्ही ट्रकमध्ये बसून नाशिकला परत आलो. येताना मुलं गाणी म्हणत होती.

तीन आठवडे झाले असतील. आईचा फोन आला. ती फोनवर आधी सगळ्यांची खुशाली सांगते, मग जनावरांची, मग कामाचं. त्या दिवशी तिने सरळ सांगितलं, "पानी हाय, पन पाळी नाय."

झालं असं की पाळ्या लावायला लोक ओट्यावर बसले, तेव्हा येवाजीकाका म्हणाले की यंदा मला लावता येत नाही. कुणाच्याच घराचा हात बांधाला लागलेला नाही. मी कुणाला हो म्हणू आणि कुणाला थांब म्हणू? लोकांनी ते हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी ते पाटाच्या तोंडाशी गेलेच नाहीत. मग ज्याला हवं तो जाऊन पाणी घेऊ लागला. पाटाच्या तोंडाजवळ माझ्या चुलतभावाचं, मोतीरामदादाचं शेत आहे. त्याच्या हरभऱ्यात पाणी उभं राहिलं, पिवळा पडायला आला, तरी पाट चालूच. पाटाच्या शेपटाला आमचं शेत. तिथे भेगा. आई त्याच्याकडे गेली तर तो म्हणाला, काकू, कॉलेजचं पाणी आहे, तुझं काय नि माझं काय. तो वाईट माणूस नाही. वडील गेल्यावर दोन वर्षं आमची नांगरट त्यानेच केली. पण त्याला थांब म्हणण्याचा हक्क पाड्यात कुणाला उरला नव्हता, आणि न थांबवलेला माणूस आपणहून थांबत नाही.

आईला त्या हरभऱ्याची काळजी होती. द्राक्षांच्या कामाला ती आता जात नाही, कंबर धरते. वर्षातलं विकण्यासारखं तिच्याकडे तेच एक पीक. ते पाण्याविना गेलं असतं तर तिला पुन्हा बागेत जावं लागलं असतं, नाहीतर मला कॉलेज सोडून घरी यावं लागलं असतं. दोन्हींपैकी काहीही ती फोनवर बोलली नाही. रविवारी बसणार आहेत, येता आलं तर ये, इतकंच म्हणाली.

मी शनिवारी निघालो. नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवरून बस पकडली, पुढे जीप.

रविवारी सकाळी ओटा भरला होता. खालच्या पाड्याचे चार-पाच जण आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांच्यातला रामदास, माझ्याबरोबर आश्रमशाळेत होता, तो उभा राहूनच बोलला. म्हणाला की दिवाळीपासून आमचे झिरे उतरले. वाळू उपसून उपसून बाया थकल्या. तुमचा पाट रात्रंदिवस चालू, आणि बांधातून थेंब येत नाही. "तुमी कसंबी वाटा. आमची गळती आमाला द्या."

आमच्यातल्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं, येवाजीकाकांच्याही नाही. जे इतकी वर्षं आपोआप होत होतं ते थांबल्यावर दिसलं.

मग बोलणं सुरू झालं आणि बराच वेळ ते जागेवरच फिरत राहिलं. एक म्हणे, यंदापुरत्या मागच्याच पाळ्या चालवा. दुसरा म्हणे, कशाच्या जोरावर? मागच्या वर्षीचा बांध तर वाहून गेला. कुणी म्हणालं, बांध सरकारचा आहे असं समजा. त्यावर एक बाई म्हणाली, सरकारचा समजलं तर मग पाणीही सरकारला विचारून घ्यायचं का? आमच्याकडे मत मोजत नाहीत. शेवटचा विरोध करणारा गप्प होईपर्यंत बोलायचं, अशी रीत आहे. त्या दिवशी विरोध कुणाचाच नव्हता, आणि तरीही काही ठरत नव्हतं.

मोतीरामदादा मागे भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "रीत काय हाय? ज्याचा हात त्याचं पानी. पाड्यातला एकच हात लागलाय त्या बांधाला. ह्यो बसलाय बघा, पिवळ्या बनियनवाला. सगळं पानी ह्याचंच."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, आणि त्या नामपूरच्या पोराचं? त्याला तर फोड आले होते, त्याची पाळी पहिली. पुन्हा हसले. बऱ्याच दिवसांनी ओट्यावर सगळे एकत्र हसत होते. मीही हसलो, आणि मग बघितलं की येवाजीकाका हसत नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

"मोत्या चेष्टेत बोलला, पन खरं बोलला," ते म्हणाले. "रीतीनं पानी ह्याचं हाय. मग ह्यालाच इचारा. तू सांग."

ग्रामसभेत मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. आई बायकांमध्ये बसली होती. ती खाली बघत होती. मला सर आठवले, ते त्या बांधावर उभे राहून फोटो काढून घेताना किती खूश होते. हेमंतचे हात आठवले. आणि मला हेही कळत होतं की मी 'असू दे, मागच्या पाळ्या चालवू' म्हणालो असतो तरी लोकांनी ऐकलं असतं, त्या वर्षापुरतं. आमच्या हरभऱ्याला त्या संध्याकाळीच पाणी मिळालं असतं. पण मग ते माझ्या सांगण्यावरून मिळालेलं पाणी झालं असतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून.

मी म्हणालो, "फोडा."

इतकं बोलून थांबलो, मग वाटलं की अर्धंच बोललो. म्हणून पुढे सांगितलं की गोण्या टाकू नका, त्या चांगल्या आहेत. सगळ्या काढा आणि प्रत्येक घराच्या हातांनी पुन्हा लावा. सरांना मी सांगेन.

एक वयस्क गृहस्थ म्हणाले की चांगला बांधलेला बांध फोडायचा म्हणजे लोक आपल्याला वेडे म्हणतील. त्यावर मोतीरामदादाच म्हणाला की म्हणू देत, लोक कुठे इथं पाणी भरायला येणार आहेत. मग खालच्या पाड्याचं निघालं. रामदासने विचारलं की आम्ही हात लावला तर चालेल का. हे याआधी कधी कुणी विचारलं नव्हतं. काहींनी तोंड वाकडं केलं. त्यांचा पाट नाही, मग पाळी कसली द्यायची? येवाजीकाका म्हणाले की पाळी नाही, गळती. त्यांचे हात जिथे लागतील तेवढी जागा आपल्या जुन्या रीतीने, दगड-पाल्याची. ती बुजवायची नाही. त्याला कुणाचा विरोध राहिला नाही.

मोतीरामदादाचं दुसऱ्या शेतातलं शेवटचं भात खळ्यावर यायचं होतं. ते आल्यावर दिवस धरायचा असं ठरलं. मी राहिलो. कॉलेजमध्ये त्या आठवड्यात चाचणी होती, ती बुडाली.

बांध फोडायचं काम पहिल्यांदा कुणालाच सुरू करवेना. मग आईच पाण्यात उतरली. कंबर धरते म्हणणारी माझी आई गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि वरची गोणी ओढू लागली. मी पुढे होऊन दुसरं टोक धरलं. नंतर सगळे उतरले. दुपारपर्यंत अडलेलं पाणी निघून गेलं. खालच्या पाड्याची मुलं काठाने त्या पाण्याबरोबर धावत गेली. मग रचायला घेतलं. गोण्या आम्ही मुलांनी रचल्या तशा सरळ बसल्या नाहीत. मध्ये एका ठिकाणी रामदास आणि त्याच्या लोकांनी ओंडके टाकले, दगड रचले, ऐनाचा पाला कोंबला. पूर्ण झाल्यावर तो विचित्र दिसत होता, अर्धा पांढरा, मध्ये हिरवा, आणि हिरव्यातून पाणी गळत होतं.

त्या दिवशी मी कुठल्याच टी-शर्टात नव्हतो. उघडाच होतो. कुणी मला पाहुणा म्हणून बाजूला बसवलं नाही, कुणी कौतुकही केलं नाही. मोतीरामदादा दोनदा ओरडला की कॉलेजवाले, गोणी तिरकी लागतेय. मला ते बरं वाटलं. पाळ्या लावताना येवाजीकाकांनी यंदा शेपटाकडून सुरुवात केली, कारण शेपूट सगळ्यात जास्त सुकलं होतं. मोतीरामदादा कुरकुरला आणि मग पाट साफ करायला स्वतःच फावडं घेऊन आला. आमच्या हरभऱ्याला पाणी मिळालं. थोडा आधीच गेला होता, उरलेला झाला. आईला बागेत जावं लागलं नाही आणि माझं कॉलेज चालू राहिलं.

मी निघण्याआधी लोक ओट्यावर पुन्हा थोडा वेळ बसले. प्रश्न बाहेर राहणाऱ्यांचा होता, म्हणजे माझा आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा. द्राक्षाला जाणारा शिमग्याला परत येतो. आपण परत येत नाही, नुसतं भेटायला येतो. मग आपल्या घराचा हात धरायचा की नाही? माझ्या घरात आई आहे तोवर घराचा हात आहे. तिच्यानंतर मी एकटा. काहींचं म्हणणं पडलं की बाहेर गेला तो गेला, पाळी मोकळी करा, राहणाऱ्यांना द्या. त्यांचं चूक नाही. येवाजीकाका म्हणाले, "बारा महिने राहा असं कुनी म्हनत नाय. बांधाच्या दिवशी ये. नाय आलास तर पानी दुसऱ्याचं. त्यात राग नाय." मोतीरामदादाने विचारलं की पैसे पाठवले तर चालतील का, वापीवाले पाठवतात. काका नाही म्हणाले. पैशाला दगड उचलता येत नाही.

नाशिकला परत आल्यावर मी आधी हेमंतला सांगितलं. त्याने आपले तळहात बघितले आणि अहिराणीत विचारलं, "मग मनी पाळी कव्हय शे?" माझी पाळी कधी आहे, असं. मी सांगितलं की पाड्यावर हाच प्रश्न निघाला होता. तो हसत सुटला. सरांना सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांच्या केबिनबाहेरून मी एकदा परत आलो. सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं, ते दिसलं. ते म्हणाले, म्हणजे आपण काम केलं आणि त्यांचा हक्क घेऊन आलो. मी म्हणालो, तसं कुणी म्हणालं नाही, सर. ते म्हणाले, तू म्हणू शकतोस. मग त्यांनी विचारलं की पुढच्या वर्षी मुलांना तुमच्या लोकांच्या हाताखाली, त्यांच्याच दिवशी आणलं तर चालेल का, आणि तो दिवस कोणता. मी म्हणालो, विचारून सांगतो.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. हॉस्टेलमध्ये मी जुना झालो. नळाबद्दल आता मला कुणी चिडवत नाही, मीही विचारत नाही. वाहणारी बादली दिसली की उठून नळ बंद करतो आणि परत येऊन झोपतो. नाशिक मला आवडतं. इथे लायब्ररी आहे, इथे मला कुणी ओळखत नाही याचाही फायदा आहे. पाड्यावर गेलो की चौथ्या दिवशी मला नेटवर्कची आठवण येते, आणि ते मी आईपासून लपवत नाही. परत कायमचा जाईन असं मी म्हणणार नाही. तुमच्यापैकी जे म्हणतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण मला तसं वचन देता येत नाही.

घर म्हणजे काय, असं लोक विचारतात तेव्हा ओढ वगैरे सांगतात. मला ओढीचं नीट सांगता येत नाही. काही आठवडे जातात आणि मला पाड्याची आठवणही येत नाही. पण या शहरात मी एक दिवस गेलो नाही तर कुठलं पाणी दुसऱ्याचं होईल, असं एकही ठिकाण नाही. तिथे आहे. मी गेलो नाही तर पाडा थांबणार नाही, बांध घातला जाईल, पाट चालू होईल. फक्त पाळ्या लावताना आमच्या घरापाशी येवाजीकाका क्षणभर थांबतील आणि पुढे जातील. त्या थांबण्याला मी सध्या घर म्हणतो.

मागच्या महिन्यात एका ठिकाणी नोकरीसाठी मुलाखत झाली. जागा पुण्याची आहे. शेवटी त्यांनी विचारलं की तुमची काही अट आहे का. मी म्हणालो, वर्षातून एक दिवस सुट्टी लागेल, दिवाळीनंतर. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी चांगल्या मनाने पेन उचललं आणि तारीख विचारली. मी सांगितलं की तारीख आधी सांगता येणार नाही. सगळ्यांचं भात घरात आलं की ठरते.